धारूरचा राखलेला माळ आणि आत्याची सही

मी बीडमध्ये फ्लेक्स आणि झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. बारावी मधेच सोडली, पण शुद्धलेखनात आमच्या गल्लीत माझा हात कुणी धरू शकत नाही. लोक मजकूर चुकीचा आणतात, मी तो दुरुस्त करून छापतो. पोळ्याच्या दोन दिवस आधी एक माणूस असाच एक कागद घेऊन आला. त्यावर 'पडिक माळावर हिरवी उर्जा' असं लिहिलं होतं. मी 'पडीक' केलं, 'ऊर्जा' केलं, अक्षरं हिरवी केली, मागे गवताचं चित्र टाकलं. गवतापासून गॅस तयार करणाऱ्या कंपनीला गावची जमीन भाडेपट्ट्याने द्यायची की नाही, यासाठी विशेष ग्रामसभा होती. शेवटच्या ओळीत गावाचं नाव आलं आणि माझा हात थांबला. ते माझ्या आत्याचं गाव. आणि जमीन म्हणजे म्हसोबाचा माळ.

त्या माळावर मी लहानपणी मेंढरांमागे फिरलोय. तो माळ पडीक कधीच नव्हता. मी मात्र तो शब्द ऱ्हस्व-दीर्घ तपासून, सहा फूट बाय चार फुटांत, स्वतःच्या हाताने छापून दिला.

दुकान बंद झाल्यावर आतेभावाला, भागवतला, फोन लावला. त्याने सांगितलं की सभा शुक्रवारी आहे आणि आत्या चार दिवसांपासून नीट जेवत नाही. मग म्हणाला, "तू ये. तुला कागद लिहिता येतोय." तीन दिवसांची सुट्टी मागितली, मालक कुरकुरला, पण मिळाली.

बीडहून धारूरला जायचे दोन रस्ते आहेत. मी जाताना वडवणी, तेलगाव करून गेलो आणि येताना केज, मांजरसुंबा, पाली असा फिरून आलो. दोन्हीकडचं सांगतो, म्हणजे कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल. गाडी जुनी आहे म्हणून आदल्या दिवशी चेन, ब्रेक, हवा, सगळं दोनदा बघितलं. कोरे कागद, दोन पेन आणि कार्बन एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. सकाळी सहाला पंपावर पाचशेचं पेट्रोल टाकलं. त्यातला पाचवा हिस्सा आता इथेनॉल असतो हे पंपावरच लिहिलंय. इतकी वर्षं मी ती पाटी वाचत आलो, पण ते इथेनॉल कुठल्या रानातून येतं, त्या रानात आधी काय होतं, हा विचार कधी केला नव्हता.

वडवणीपर्यंत रस्ता चांगला आहे. बाजाराचा दिवस असल्याने गावात शिरताना गाडी ढकलत न्यावी लागली. स्टँडजवळच्या हॉटेलात भजी आणि चहा घेतला, तीस रुपये. भजी गरम होती, चहा अतिगोड. दुपारसाठी भाकरी बांधून मिळेल का, असं विचारलं तर मालक म्हणाला, "चपाती हाय. ज्वारीची भाकरी करायची तर ज्वारी पायजे ना."

शेजारच्या बाकावर एक शेतकरी बसले होते, पन्नाशीचे, धोतर नेसलेले, बाजाराची पिशवी मांडीवर. त्यांना माझा प्रश्न गमतीचा वाटला असावा. त्यांनी सांगितलं की त्यांच्या शिवारात आता मका आणि ऊस. मका इथेनॉलवाल्यांकडे जातो, गाडी बांधापर्यंत येते, भाव आधी कळतो. ज्वारीला पाखरं राखा, काढायला माणसं शोधा, एवढं करून घेणारा नाही. माणूस खोटं बोलत नव्हता. मीही त्यांच्या जागी मकाच लावला असता.

मग मी त्यांना विचारलं, की मका निघाल्यावर रानात मेंढ्या बसवता का. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या भागात पीक निघालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतात. चार-पाच रात्री कळप त्या रानात बसतो, उरलंसुरलं खातो, लेंड्या-मुताचं खत होतं, आणि शेतकरी मेंढपाळाला ज्वारी देतो. माझी आजी अशा ज्वारीवर वाढली.

"कावून बसवायच्या?" ते म्हणाले. "त्यांला खायला काय ठिवलंय? मका निघाला की यंत्र येतंय, धांडे गोळा करून गठ्ठे बांधतंय. बॉयलरात जाळाया नेत्यात. रान झाडल्यावानी साफ."

म्हणजे दाणा टाकीत, धांडा बॉयलरात. मेंढीसाठी रानात काहीच नाही. उरला माळ. आणि आता त्या माळावर डोळा. वडवणीतून निघालो तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं.

तेलगावहून धारूरकडे वळलं की घाट लागतो. घाट लहान आहे पण वळणं अवघड, रस्ता अरुंद, समोरून ट्रक आला की बाजूला व्हायला जागा नसते. नवख्याने अंधारात जाऊ नये. मी तर सकाळी साडेनऊला हॉर्न वाजवत वाजवत चढलो आणि दोनदा थांबून घाम पुसला. वर आलं की मात्र बालाघाटाची हवा लागते. दोन्ही बाजूंना सीताफळाची झाडं, फळं अजून हिरवी.

गावाचं नाव लिहीत नाही, आत्याने बजावलंय. धारूरपासून गाडीने वीस मिनिटं. आत्याचं नाव सुंदराबाई, वय पासष्टच्या पुढे, साठ-सत्तर मेंढरं आणि चार शेळ्या. ती अंगणात लोकर निवडत बसली होती. मला बघून तिने नेहमीसारखं 'आलास का रं' म्हटलं नाही. पाणी दिलं, आणि मी पिऊन संपवायच्या आत सांगायला लागली. तिने जे सांगितलं ते नीट लिहितो, कारण सगळं त्यावरच आहे.

म्हसोबाचा माळ गायरान आहे, म्हणजे गावच्या जनावरांना चरायला ठेवलेली सरकारी जमीन. नागपंचमीला मेंढपाळांची सात घरं म्हसोबापुढे नारळ फोडतात आणि माळाच्या तोंडाला बाभळीची काटी लावतात. त्या दिवसापासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत त्या माळावर एकही जनावर सोडायचं नाही. गवत वाढतं, फुलोऱ्यावर येतं, बी खाली पडतं. ते तीन महिने मेंढरं रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, घाटाच्या उतारावर, मिळेल तिथे हिंडवायची. पाय तुटतात, पण माळ मोडायचा नाही. पाडव्याला मेंढरं रंगवून माळावर घालतात आणि ते गवत पुढे उन्हाळ्यापर्यंत पुरतं. याला ते माळ राखणं म्हणतात. लिहिलेला नियम नाही, दंड नाही, तरी कुणी मोडत नाही.

मागच्या भाद्रपदात कंपनीचा एक मुलगा पाहणीला आला. सरकारने इंधनात शेतातलं किती असावं याचं उद्दिष्ट ठरवलंय, त्यासाठी गॅसचे प्रकल्प निघतायत, प्रकल्पांना हत्ती गवत, म्हणजे पुरुषभर उंच वाढणारं गवत, लागतं आणि हत्ती गवताला जमीन. जिथे काही पिकत नाही अशा जमिनीची तो यादी करत होता. माळाच्या तोंडाशी त्याला आत्या भेटली. त्याने विचारलं, "आजी, इथं जनावरं चरतात का?"

आत्या फुशारली. राखलेल्या माळाबद्दल कुणी विचारलं की ती फुशारतेच. ती म्हणाली, "एक खूर पडू देत न्हाई आमी हितं." मग तिने पाडव्याचं सांगितलं, नारळाचं सांगितलं, कुठलं गवत मेंढीला गोड लागतं ते सांगितलं. मुलाने लिहून घेतलं, गवताचे फोटो काढले आणि सही मागितली. आत्या साक्षरता वर्गात सही शिकली आहे. अंगठा देणाऱ्या बायकांना ती हसते. तिने ऐटीत सही केली.

आता सभेच्या नोटिशीबरोबर तो कागद गावात फिरला, तेव्हा कळलं. त्यावर लिहिलं होतं: 'स्थानिकांच्या सांगण्यानुसार सदर क्षेत्रावर जनावरे चरत नाहीत.'

एवढंच. मी रोज लोकांच्या चुका दुरुस्त करतो. एखादी वेलांटी चुकली तर अर्थ तरी कळतो. अर्धं वाक्य लिहून त्याखाली पूर्ण माणसाची सही घेणं याला काय म्हणायचं? त्या मुलाला कुणी सांगितलं नसेल की गवत गुडघाभर वाढलंय ते कुणीतरी वाढू दिलंय म्हणून. त्याच्या मोबाइलमध्ये दोनच रकाने असतील, वापरात आणि विनावापर. राखलेल्या जमिनीसाठी रकानाच नाही.

सात घरांपैकी दोन घरांनी आत्याशी बोलणं सोडलंय. भागवतची बायको पाण्याला जाते तेव्हा तिला ऐकवतात की तुमच्या म्हातारीने माळ सहीवर देऊन टाकला. आत्या मला म्हणाली, "माळ गेला तर मेंढरं इकावी लागतील, ते कळतंय मला. पर लोक म्हनतील सुंदरीनं घालवला. ते घिऊन मरायचं का मी?"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी हरकतीचा अर्ज लिहिला. तीनदा लिहिला, कारण दोनदा खाडाखोड झाली. सातही घरांच्या सह्या-अंगठे घेतले. बोलणं सोडलेल्या दोन घरांनीही अंगठे दिले, पण आत्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी सभा अकराला होती, म्हणून पहाटेच उठून धारूरचा किल्ला बघून आलो. मला काळजीने झोप येत नव्हती, हे खरं कारण. किल्ल्याला तिकीट नाही, आत दुकान नाही, पाणी बरोबर न्यावं. पावसाळ्यात पायऱ्या आणि तटावरचे दगड शेवाळलेले असतात, जुनी चप्पल घालून जाऊ नका. आत पाण्याची जुनी टाकी आहेत, खाली दरी. तटावर उभं राहिलं की भोवतालचे माळ दिसतात, आणि तिथून कुठला माळ राखलेला आणि कुठला नाही हे मला सरळ ओळखता येत होतं. न राखलेले माळ तांबूस, दगड वर आलेले. राखलेले दाट हिरवे. अशा जमिनी उपग्रहातून शोधणाऱ्याला हे दिसत नाही असं कसं म्हणायचं? दिसतं. फक्त ते कुणामुळे आहे हे दिसत नाही.

सभा शाळेच्या वऱ्हांड्यात होती. माझा फ्लेक्स मागे लावलेला. कंपनीचे साहेब सभ्य होते, माझ्याच वयाचे, मोठ्यांना नमस्कार करून बोलणारे. त्यांनी भिंतीवर माळाचा फोटो दाखवला. गुडघाभर गवत आणि एकही जनावर नाही. ते म्हणाले की ही जमीन वर्षानुवर्षं नुसती पडून आहे, तिथे हत्ती गवत लावलं तर गावाला भाडं मिळेल, वीस-पंचवीस पोरांना काम मिळेल. मागे बसलेली पोरं सरसावून बसली. त्यांचंही चूक नाही. पुण्याला जाऊन गोदामात उभं राहण्यापेक्षा गावात काम कुणाला नको?

मी अर्ज वाचला. एक शब्द गाळला नाही. वाचून झाल्यावर साहेबांनी शांतपणे आत्याचा कागद काढला, मोठ्याने वाचला आणि विचारलं, "आजी, सही तुमचीच आहे ना?"

"हाय," आत्या म्हणाली. "पर ते आर्दं हाय. म्या म्होरलंबी सांगितलं व्हतं."

मागून कुणीतरी भागवतला टोमणा मारला, "तीन म्हैने काटी लावली म्हंजे माळ तुमच्या बापाचा झाला का बे?" हशा पिकला. भागवत उठला, आत्याने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. मग ती साहेबांकडे वळली.

"तुमी तितं काय लावनार?"

"गवत, आजी. जास्त उत्पन्न देणारं."

"म्हंजे गवत काडून गवत लावनार. आन् ते खानार कोन?"

साहेब म्हणाले की त्याचा गॅस होणार.

"म्हंजे टाकी खानार," आत्या म्हणाली आणि बसली. 

सरपंचांनी मधला मार्ग काढला. दोन आठवड्यांत पुन्हा पाहणी होईल, माळावर जनावरं चरतात असं प्रत्यक्ष दिसलं तर माळ यादीतून काढायचा विचार होईल. तोवर ठराव थांबला. लोकांना तो न्याय वाटला. मलाही क्षणभर वाटला. मग आत्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि लक्षात आलं. भाद्रपद चालू होता. पाडवा अजून दोन महिने लांब. माळ वापरात आहे हे दाखवायचं तर राखलेला माळ मोडावा लागणार.

आणि लाज वाटते सांगायला, पण तो मोडा असं सगळ्यांत आधी मीच म्हणालो. घरी आल्यावर मी भागवतला सांगितलं की तारीख आणि ठिकाण उमटणारे फोटो पाहिजेत, मेंढरं माळावर चरताना, रोजचे, पंधरा दिवसांचे. कागदाला कागदच लागतो. भागवत तयार झाला. आत्या निवडलेलीच लोकर पुन्हा निवडत बसली. तिच्या सासूने, सासूच्या सासूने राखलेला माळ. शेवटी ती म्हणाली, "माज्या सहीनं इस्कटलंय, तर काटी मीच काडीन. दुसऱ्या कुनाच्या हाताला नको."

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे माळाच्या तोंडाशी गेलो. सातही घरं आली होती. आत्याने पदर खोचला आणि बाभळीची काटी ओढून बाजूला केली. हाताला काटा लागून रक्त आलं, ते तिने लुगड्याला पुसलं. समोर मारवेल आणि पवन्याचं गवत, नुकताच फुलोरा धरलेलं. भागवतने कळप पुढे हाकला.

मेंढरं आत जाईनात. पुढची घंटेवाली मेंढी तोंडाशी आली, उभी राहिली, आणि सवयीने रस्त्याकडे वळली. तिच्यामागे सगळा कळप वळला. भागवतने शीळ घातली, काठी आडवी धरली, पुन्हा वळवून आणलं, पुन्हा तेच. समोर एवढं हिरवं गवत आणि ती रस्त्याच्या कडेची धूळ हुंगत होती. तिसऱ्या वेळी आत्या स्वतः आत चालत गेली आणि आतून तिने हाक दिली. तेव्हा ती गेली. एकदा गेली म्हटल्यावर मग काय, तुटून पडली. अर्ध्या तासात तोंडाजवळचा फुलोरा दिसेनासा झाला. मी फोटो काढत होतो. तारीख नीट उमटते की नाही ते प्रत्येक वेळी तपासत होतो. आत्या गवताकडे पाठ करून बसली होती.

परतीचा रस्ता केजवरून मांजरसुंब्याला येतो आणि तिथे मोठा महामार्ग लागतो. मांजरसुंब्याला जेवण बरं मिळतं. मी एक चपाती खाल्ली आणि उठलो. पुढे पालीजवळ बिंदुसरेचं धरण आहे. पाणी बऱ्यापैकी होतं, लोक कडेला गाड्या लावून फोटो काढत होते. मला फोन खिशातून काढावासा वाटला नाही. एकूण खर्च आठशेच्या आत झाला, जाणाऱ्यांच्या माहितीसाठी.

घरी येऊन तीन आठवडे झाले. मी मुद्दाम थांबलो, शेवट कळल्याशिवाय लिहायचं नव्हतं. पाहणी झाली. आमच्याकडे चौदा दिवसांचे फोटो होते. या वेळी दुसरा माणूस आला होता. त्याने फोटो बघितले, माळ फिरला, मेंढरं मोजली, आणि अहवाल दिला. भागवतने तो मला पाठवला. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. 'क्षेत्रावर अतिचराई आढळून आली. गवताचा ऱ्हास झालेला आहे. क्षेत्र हत्ती गवताच्या लागवडीस योग्य.'

म्हणजे चारलं नाही तर पडीक, आणि चारलं तर नासका. दोन्ही वाटा कंपनीच्या फाटकाशी.  पेट्रोल हिरवं करण्याला माझा विरोध नाही, मला त्यातलं फार कळतही नाही. पण ज्यांनी कुणी न सांगता एक माळ पिढ्यान्पिढ्या हिरवा ठेवला, त्यांच्याच हातून तो मोडवून घ्यायचा आणि मग मोडल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवायचा, हे कुठल्या उद्दिष्टात बसतं ते मला कुणीतरी पूर्ण वाक्यात सांगावं.

आत्याला मी फोनवर सगळा अहवाल वाचून दाखवला. ती रडेल असं वाटलं होतं. तिने सांगितलं की पाहणीवाला गेला त्याच दुपारी तिने काटी परत लावली. उरलंय तेवढं गवत पाडव्यापर्यंत राखायचं ठरलंय. काटी लावायला ती बोलणं सोडलेली दोन घरंही आली होती. ठराव पुढच्या ग्रामसभेत आहे आणि तो कुणीकडे जाईल हे मला माहीत नाही. मी म्हटलं, नवा अर्ज टाइप करून पाठवतो, नारळापासून पाडव्यापर्यंत सगळं लिहितो, तू फक्त सही करून दे.

"पाठवू नगंस," ती म्हणाली. "म्या येती बीडला. माज्यासमोर छाप, मला वाचून दाव, मग सही करती. आन् सहीच्या वर मोकळी जागा ठिवू नगंस. मोकळी दिसली की त्यांला वाटतंय कुनाचीच न्हाई."